लोखंड लोहाराचे, तोल सुताराचा

जुन्या शस्त्रांच्या दालनात ठासणीच्या बंदुकीसमोर उभा राहणारा प्रेक्षक बहुधा नळीच पाहतो. पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळीवरील लहरी, सोन्याचांदीची कलाकुसर, कारागिराचा शिक्का, एखादा सन किंवा संस्थानिकाचे नाव हे सारे नळीवर असते. संग्रहालयातील चिठ्ठीवरही नळीची लांबी, गोळीचा व्यास आणि चापाचा प्रकार नोंदलेला असतो. ज्या लाकडात ती नळी बसवलेली असते, त्या दस्त्याविषयी चिठ्ठी सहसा एका ओळीच्या पुढे जात नाही. परंतु बंदूक चालवणाऱ्या माणसाचा संबंध येतो तो लाकडाशी. त्याचा गाल, खांदा आणि दोन्ही तळहात दस्त्यावर असतात. बंदूक हातात जड वाटते की हलकी, नेम स्थिर राहतो की नाही, चालताना ती खडखडते की मुकी राहते, हे ठरवणारा कारागीर लोहार नसून सुतार असतो.

दस्त्याचा तोल आणि त्याची शांतता या दोन गुणांचा इतिहास लिहिताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. सर्व काळी, सर्व ठिकाणी उत्तम ठरावा असा दस्ता कोणीच घडवला नाही. बंदूक कोठे उभे राहून चालवायची आहे, तटाआड, मैदानातील रांगेत की रानात, यावर उत्तम दस्त्याची व्याख्या बदलत गेली. म्हणूनच एखाद्या सत्तेचा युद्धाचा मुलूख कोणता होता, हे तिच्या दस्त्यांवरून बरेच वाचता येते. मराठ्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

तोल म्हणजे काय

बंदूक एका बोटावर आडवी ठेवली असता ज्या ठिकाणी ती समतोल राहते, तो तिचा तोलबिंदू. हा बिंदू दोन्ही हातांच्या मध्ये पडला, तर वजन दोहोंवर वाटले जाते. तो फार पुढे गेला, तर डावा हात भरून येतो आणि नळीचे तोंड खाली झुकू लागते. फार मागे आला, तर तोंड हलके होऊन भिरभिरते. उभ्याने नेम धरणाऱ्यास तोंडाकडे थोडे वजन उपयोगीच पडते, कारण जड तोंड हाताच्या बारीक कंपाला सहजी दाद देत नाही. तेव्हा प्रश्न वजन किती आहे एवढाच नसतो. ते कोठे आहे हाही असतो.

हा बिंदू हलवण्याचे जुन्या कारागिरांचे मार्ग साधे होते. दस्त्याच्या टोकाची धातूची पट्टी काढून आतील लाकूड कोरले, की तोल पुढे सरकतो. त्याच पोकळीत शिसे भरले, की तो मागे येतो. चार किलो वजनाच्या बंदुकीत तोलबिंदूच्या ५५ सेंटीमीटर मागे २०० ग्रॅम शिसे घातले, तर तोलबिंदू सुमारे अडीच सेंटीमीटर मागे येतो. हा आकडा लहान दिसतो, पण बंदूक खांद्याला लावताच तो जाणवतो.

तोलाचा दुसरा भाग धक्क्याचा. बार उडताच धक्का नळीच्या सरळ रेषेत मागे येतो. दस्ता नळीच्या रेषेतच सरळ असेल, तर धक्का सरळ खांद्यात जातो. पण मग नजर नळीच्या रेषेत आणण्यासाठी मान फार वाकवावी लागते. दस्ता खाली उतरता केला, तर नजर सहज रेषेत येते. पण धक्क्याने तोंड वर उसळते. दस्त्याचा उतार म्हणजे या दोन गैरसोयींतील तडजोड होय.

शांततेचा विचारही असाच बारकाव्याचा आहे. येथे बाराचा आवाज अभिप्रेत नाही. तो कोणत्याही सुताराच्या हातात नव्हता. प्रश्न आहे तो बार उडण्यापूर्वीच्या आवाजांचा. नळीखाली ठेवलेला ठासणीचा गज आपल्या कड्यांत खुळखुळतो. पट्ट्याच्या कड्या वाजतात. नळी लाकडात नीट बसलेली नसेल, तर चालताना ठकठक होते. घोडा ओढताना खटका बोलतो. शिकाऱ्याच्या दृष्टीने यांतील प्रत्येक आवाज म्हणजे हातचे गेलेले सावज.

गोव्याची बंदूक आणि गालाचा दस्ता

हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर बंदूक घडवण्याची कला सोळाव्या शतकाच्या आरंभीच चांगली रुजली होती. गोवा १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १५१३ मध्ये, अफोंसो द अल्बुकेर्क याने पोर्तुगालच्या राजाला कळवले, की गोव्याचे कारागीर बोहेमियातील कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवतात. बोहेमिया हे तेव्हा शस्त्रनिर्मितीचे नावाजलेले केंद्र होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रशस्तीचे मोल कळते.

पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर पूर्वेकडे जी तोड्याची बंदूक पसरली, तिच्या एका घराण्याचा दस्ता आखूड असे. तो खांद्याला न लावता गालाशी धरीत. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचलेल्या पोर्तुगीज बंदुकीवरून जपान्यांनी ज्या बंदुका घडवल्या, त्यांतही हाच गालाचा दस्ता दिसतो. खांद्याचा आधार नसताना धक्का सोसायचा कसा? त्याचे उत्तर जाड, वजनदार नळीत होते. जड नळी धक्क्याचा बराच भाग स्वतःच गिळते आणि उरलेला धक्का हातांच्या मागे जाण्यात विरतो. अर्थातच अशा बंदुकीचा तोल पुढे असतो.

हिंदुस्थानात पुढे रूढ झालेल्या तोडेदार बंदुकीने वेगळे वळण घेतले. तिचा दस्ता लांब, सडपातळ आणि जवळजवळ सरळ. त्याचा छेद पुष्कळदा पंचकोनी. नळी लाकडाला धातूच्या पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याच्या वादीने बांधलेली. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत बादशाही कारखान्यातील बंदुकांचे सविस्तर वर्णन आहे. नळी पूर्वीच्या पद्धतीपेक्षा मजबूत कशी करीत, लांब आणि आखूड नळ्यांची मापे काय, बैलाने फिरवायच्या चक्राने अनेक नळ्या एकदम आतून कशा साफ करीत, हे सारे त्यात येते. ज्या बंदुकीने अकबराने चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडास टिपले, त्या ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीचाही त्यात गौरव आहे. मात्र त्या सविस्तर वर्णनातही दस्त्याच्या वाट्याला फार थोडे शब्द आले आहेत. नळीचे कौतुक आणि लाकडाची उपेक्षा ही परंपरा अशी जुनी आहे.

तोडेदार बंदुकीचा तोल सामान्यतः पुढे असे, कारण नळी लांब आणि दस्ता हलका. मोगल चित्रांतील शिकारीच्या प्रसंगी बंदुकीची नळी दुबेळक्यावर किंवा सेवकाच्या खांद्यावर टेकवलेली दिसते, ती उगाच नव्हे. टेकण मिळाले, की पुढचे वजन हा दोष राहत नाही; उलट तो गुण होतो. नळीचे वजन टेकणावर पडते, नेम हलत नाही आणि सरळ दस्त्यामुळे तोंड उसळत नाही.

सह्याद्रीतील किल्ल्यांच्या तटाबुरुजांत जंग्या ठेवलेल्या आहेत. तटाच्या जाडीतून तिरप्या खाली उतरणाऱ्या या छिद्रांत नळी टेकवून माणूस निवांत नेम धरू शकत असे. अशा जागी लांब, तोंडाकडे जड, सरळ दस्त्याची तोडेदार बंदूक हे अगदी योग्य शस्त्र होते. जंगी हेच तिचे दुबेळके. किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेल्या सत्तेला या बंदुकीत उणीव भासली नाही, यात नवल नाही.

शांततेच्या बाबतीत तर तोडेदार बंदूक पुढे कित्येक वर्षे सरसच राहिली. चामड्याची वादी खडखडत नाही. चाप दाबला, की जळता तोडा धरणारी कमान सावकाश रंजकावर उतरते. तिचा खटका नाही आणि नेमाला हिसकाही नाही. तिचे शत्रू दोनच होते, पाऊस आणि तोड्याची ठिणगी. रात्री अंधारात लकाकणारे तोड्याचे टोक व त्याचा वास शत्रूला अगोदरच सूचना देत.

रांगेतील बंदूक : आवाजाची हौस

युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तोड्याची जागा चकमकीने घेतली आणि शिपाई खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहू लागले. रांगेतील शिपायाला टेकण नाही, निवांतपणा नाही. त्याला उभ्याने बार ठासायचा, उभ्याने उडवायचा आणि पुढे धावून संगीन चालवायची. त्यासाठी दस्ता रुंद झाला, खांद्यात बसेल असा झाला, मुठीजवळ जाड आणि खाली उतरता झाला. वेळ पडल्यास तो सोट्यासारखा वापरता यावा, इतका मजबूत झाला.

तोलाचा खरा प्रश्न संगिनीने निर्माण केला. साडेचार किलोच्या बंदुकीच्या तोंडाशी अर्धा किलोची संगीन लावली, तर तोलबिंदू आठ-नऊ सेंटीमीटर पुढे सरकतो. एवढा फरक कोणत्याही कोरीव कामाने भरून निघत नाही. ब्रिटिश पायदळाच्या बंदुकीची नळी प्रथम ४६ इंचांची होती, नंतर ४२ इंचांची झाली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी करवून घेतलेली बंदूक ३९ इंच नळीची होती. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर १७९० नंतरच्या दशकात ब्रिटिश सरकारने कंपनीसाठी बनलेल्या या बंदुका घेतल्या आणि पुढे तोच नमुना स्वतःच्या फौजेतही चालू केला. ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने ती ओळखली जाते. खर्च आणि उत्पादनाचा वेग ही त्यामागील मुख्य कारणे होती. पण सात इंच लोखंड कमी झाल्याने शिपायाच्या डाव्या हातालाही सुटका मिळाली. हिंदुस्थानातील गरजेने घडलेली बंदूक ब्रिटिश फौजेची बंदूक व्हावी, हा इतिहासातील लक्षणीय योग होय.

शांततेची कथा मात्र नेमकी उलट दिशेने गेली. पूर्वी ठासणीचा गज लाकडी असे. तो खोबणीत घट्ट बसे, पण घाईत मोडे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाने लोखंडी गज स्वीकारला. त्याने ठासणे जलद झाले व इतर फौजांनीही त्याचे अनुकरण केले. लोखंडी गज लाकडीपेक्षा बारीक; त्यामुळे जुन्या रुंद कड्यांत तो खुळखुळू लागला. कड्यांत आतून नळकांडी बसवणे, पुढील कडे कर्ण्याच्या तोंडासारखे करून गज आत सरकवणे सोपे करणे, मागील कड्यापाशी गज दाबून धरणारी कमान ठेवणे, अशा सुधारणा यातूनच आल्या.

पण शिपायांना व त्यांच्या कवायत घेणाऱ्यांना तो खुळखुळाट आवडू लागला होता. शेकडो हातांनी एकाच क्षणी बंदुकीवर थाप मारली व सगळ्या बंदुका एकदम खणखणल्या, की कवायत रुबाबदार वाटे. त्यासाठी स्क्रू सैल करणे, लाकूड आतून तासणे असे प्रकार चालत. दस्ता कमकुवत होई, नळी हले, नेम बिघडे. अधिकाऱ्यांना त्याविरुद्ध लिहावे लागले. जी फौज दिवसा अशा आवाजावर पोसली जाते, तिला रात्री शांत ठेवणे किती अवघड, हे अमेरिकन क्रांतियुद्धात दिसले. १७७७ च्या सप्टेंबरात पाओली येथील रात्रीच्या छाप्यापूर्वी ब्रिटिश सेनानी चार्ल्स ग्रे याने शिपायांना बंदुकीचे बार काढण्यास आणि ज्यांचे निघेनात त्यांना चकमकीचे दगडच काढून टाकण्यास लावले. त्यावरून त्याला ‘नो फ्लिंट’ हे टोपणनाव पडले. बंदूक गप्प ठेवण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरला होता, तो म्हणजे ती बंदूकच न ठेवता नुसता भाला करून टाकणे.

रानातील बंदूक : शांततेची जोपासना

तोल आणि शांतता या दोन्ही गुणांची एकत्र जोपासना युरोपातील रानात झाली. जर्मन भाषिक मुलखातील शिकाऱ्यांची रायफल आखूड नळीची होती. नळीत आतून पेचदार चर, दस्ता भरदार, गालाला टेकण्यासाठी उंचवटा, आणि दस्त्यातच कोरलेली झाकणाची लहान पेटी. या पेटीत गोळीभोवती गुंडाळायच्या तेलकट चिंध्या आणि हत्यारे ठेवीत. पेटी कोरल्याने दस्त्याचे वजनही घटे, म्हणजे एकाच कामातून सोय व तोल दोन्ही साधत.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात जाऊन वसलेल्या जर्मन कारागिरांनी या रायफलीला नवे रूप दिले. नळी ४० इंचांच्या पुढे गेली, गोळी लहान झाली, दस्ता मेपलच्या लाकडाचा, सडपातळ व खाली उतरता झाला. लहान गोळीला दारू कमी लागे, धक्काही कमी बसे. त्यामुळे बारीक दस्ता चालून गेला. लांब नळीने तोंडाकडे स्थिरता आणली आणि हलक्या दस्त्याने एकूण वजन आटोक्यात ठेवले.

या घराण्यातील कारागिरांचे खरे कौशल्य नळी लाकडात बसवण्यात दिसते. नळीला काजळी आणि तेल यांचा पातळ लेप देऊन ती खाचेत दाबायची, उचलायची आणि जेथे जेथे लाकडावर काळा डाग पडला असेल तेथे तेथे पटाशीने किंचित खरवडायचे. असे पुन्हापुन्हा करीत गेले, की शेवटी संपूर्ण खाचेवर सारखा काळसर रंग उमटतो. याचा अर्थ नळी सर्वत्र सारखी टेकली. अशी बसलेली नळी वाजत नाही, हलत नाही आणि बाराचा धक्का लाकडाच्या एकाच ठिकाणी न बसता पसरतो, त्यामुळे दस्ता चिरत नाही. शांतता, नेम आणि टिकाऊपणा हे तीन वेगळे गुण नसून एकाच चांगल्या सुतारकामाची तीन फळे आहेत, हे येथे दिसून येते.

ब्रिटिश फौजेला या विद्येचे मोल उशिरा कळले. १८०० साली इझिकेल बेकर याची रायफल निवडली गेली. तिची नळी ३० इंचांची, दस्त्यात पेटी, गालाला उंचवटा. ती रांगेतील सर्वांना न देता वेगळ्या रायफल पथकांनाच दिली गेली. एकाच फौजेत दोन प्रकारचे दस्ते नांदू लागले, कारण एकाच फौजेत दोन प्रकारची कामे होती.

महादजींच्या कंपूतील दोन दस्ते

हीच दुहेरी व्यवस्था हिंदुस्थानात त्याआधीच दिसली होती, आणि ती मराठी फौजेत. पानिपतच्या रणात १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी चकमकीच्या बंदुकांचा मारा कसा केला, हे महादजी शिंद्यांच्या पिढीने पाहिले होते. खुद्द महादजींना त्या रणातून जखमी होऊन परतावे लागले. पुढे १७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉय प्रांतातील बनवा द ब्वान्य या सेनानीस, म्हणजे मराठी कागदपत्रांतील डिबॉयनास, चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभारल्या. १७९० सालच्या २० जूनला पाटण येथे आणि १० सप्टेंबरला मेडता येथे या पलटणींनी जे विजय मिळवले, त्यांनी उत्तर हिंदुस्थानात शिंद्यांचा दरारा बसला.

या पलटणींसाठी शस्त्रे हवी होती. आग्र्याच्या कारखान्याची व्यवस्था सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडे होती. तोफा ओतण्यात तो निष्णात होताच. पण त्याच्या देखरेखीखाली तेथे युरोपीय धर्तीच्या उत्तम बंदुका सुमारे दहा रुपयांत तयार होत, असे त्या काळच्या युरोपीय लष्करी साहसवीरांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. या स्वस्ताईचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. हिंदुस्थानी लोहाराला उत्तम नळी घडवण्याची विद्या शिकवण्याची गरज नव्हती. नवे होते ते चकमकीचे यंत्र आणि त्याला सामावून घेणारा, संगिनीचे वजन पेलणारा, रांगेत उभ्याने चालवता येणारा रुंद दस्ता. एकसारख्या घाटाचे असे दस्ते हजारोंनी घडवायचे, म्हणजे सुताराच्या हाताला कवायत शिकवणेच होते. कवायती पलटणीचा पाया असा सुताराच्या ओट्यावर घातला गेला.

तरीही महादजींच्या फौजेने जुना दस्ता टाकून दिला नाही. तेलंगा म्हटल्या जाणाऱ्या कवायती शिपायांकडे चकमकीची बंदूक आणि संगीन होती, तर नजीब पलटणींकडे तोडेदार बंदूक राहिली. याला केवळ जुन्याचा मोह म्हणणे अन्यायाचे होईल. लांब नळीची तोडेदार बंदूक टेकण मिळाल्यास दूरवर अचूक मारा करी. खेड्याचे गावकूस, नाल्याचा काठ, गढीचा तट अशा जागी तिची उपयुक्तता कायम होती. मोकळ्या मैदानातील रांगेसाठी एक दस्ता आणि आडोशासाठी दुसरा, ही विभागणी शहाणपणाची होती.

या फौजेचा शेवट १८०३ सालच्या युद्धात झाला. दिल्ली, असई आणि लासवारी या लढायांत कवायती पलटणी कोसळल्या. त्या लढायांत शिंद्यांच्या तोफा आणि शिपायांचा चिवटपणा यांची दाद शत्रूनेही दिली. बरेच युरोपीय अधिकारी ऐन वेळी सोडून गेले होते. नेतृत्वात एकी नव्हती. पराभवाची कारणे तेथे शोधावी लागतात. आग्र्याच्या सुतारांच्या कामात ती सापडत नाहीत.

लाकूड आणि पाऊस

दस्त्याची चर्चा लाकडाच्या चर्चेवाचून अपुरी राहते. युरोपात अक्रोडाला पहिला मान मिळाला. अक्रोड मजबूत असून फार जड नाही, त्याचे तंतू सहसा फाटत नाहीत आणि हवा बदलली तरी तो फारसा वाकत नाही. त्याचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो भरते. उत्तर हिंदुस्थानातील शिसम सुमारे ८०० किलोपर्यंत जातो. दक्षिणेकडील शिसवी त्याहूनही किंचित जड. याचा अर्थ एकाच घाटाचा दस्ता शिसमाचा केला, तर तो अक्रोडाच्या दस्त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने जड होतो आणि तोल मागे येतो. तोडेदार बंदुकीचा दस्ता इतका सडपातळ का, याचे एक उत्तर या जड लाकडात आहे. घाट आणि लाकूड यांची सांगड कारागिराने अनुभवाने घातली होती.

मुठीजवळ दस्ता सर्वांत बारीक असतो आणि धक्काही तेथेच जाणवतो. तेथे लाकडाचे तंतू दस्त्याच्या लांबीला धरून गेले पाहिजेत. आडवे गेले तर दस्ता तेथेच मोडतो. संग्रहालयांतील कितीतरी दस्ते मुठीजवळ तारेने किंवा ओल्या चामड्याने बांधलेले दिसतात, ती याच मोडीची खूण.

पावसाळा ही दस्त्याची मोठी कसोटी. ओल पिऊन लाकूड फुगते आणि नळीवर दाब आणते; उन्हाळ्यात सुकून आकसते आणि नळी सैल होते. ब्रिटिश बंदुकीत नळी आडव्या खिळ्यांनी लाकडाला जखडलेली असे. फ्रेंचांनी त्याऐवजी धातूची कडी वापरली, ती काढणे-घालणे सोपे. चांगले रायफल कारागीर खिळ्यांसाठी नळीखालच्या कानांत लांबट भोके ठेवीत, म्हणजे लाकूड फुगले-आकसले तरी नळी ओढली जात नसे. हिंदुस्थानी वादीचा बंद याहून साधा होता. सैल पडला की पुन्हा आवळायचा; ओली वादी वाळताना आपोआप घट्ट होते. जवसाचे तेल आणि मेण यांचा हात फिरवलेला दस्ता ओल कमी पितो, हे सर्व देशांतील सुतारांना ठाऊक होते.

उत्तरकथा

ब्रिटिश फौजेत ठासणीच्या बंदुकीचा अंत १८६६ मध्ये मागून भरायच्या स्नायडर पद्धतीने झाला. ठासणीचा गज गेला आणि त्याचा खुळखुळाटही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानातील सामान्य माणसाच्या घरातील बंदुकीवर परवान्याचे बंधन आले. तरीही कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्याच्या रानालगतच्या गावांत पिकांच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक विसाव्या शतकातही टिकून राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे पर्वही संपले. ज्या शांततेसाठी दस्त्याच्या खाचेत काजळी लावून तासन्‌तास खरवडले जाई, तिची आता कोणाला गरज नाही, आणि रानाच्या दृष्टीने ते भल्याचेच झाले.

उरला आहे तो पुरावा, आणि तोही सुरक्षित नाही. नळी शतकानुशतके टिकते. लाकूड कीड खाते, ओलीने कुजते, मोडते. जुन्या नळीला नवा दस्ता बसवणे ही पूर्वीपासूनची रीत. त्यामुळे नळीवरील सन पाहून संपूर्ण बंदुकीचे वय ठरवणे धोक्याचे असते. आग्र्यात बनलेल्या बंदुकांपैकी एखादी कोणत्या दालनात नळीच्या नावाखाली झाकून गेली असेल, तर तिची ओळख दस्त्याच्या घाटावरूनच पटू शकेल. लाकडाची जात, मुठीचा छेद, नळीच्या खाचेतील हत्याराच्या खुणा, शिसे भरलेली किंवा कोरलेली पोकळी आणि तोलबिंदूचे माप एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक नोंदीत आल्या, तर कारखान्यांचा आणि कारागिरांचा इतिहास लिहिता येईल. ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील संग्रहालयात, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जाणाऱ्या जिज्ञासूने नळीवरून नजर थोडी मागे आणली, तरी त्याला पुष्कळ दिसेल.

मराठ्यांच्या इतिहासात लढायांची वर्णने विपुल आहेत, सेनानींची चरित्रे आहेत, तोफांची नावेही जपली गेली आहेत. बंदुकीचा दस्ता घडवणाऱ्या सुतारांपैकी एकाचेही नाव त्या मानाने सर्वांच्या ओठी नाही. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे म्हणणे त्यांनी लाकडात कोरून ठेवले आहे : माणूस कोठे उभा राहणार, त्याचा हात किती वेळ टिकणार, त्याने कोणाला चाहूल लागू द्यायची आणि कोणाला नाही. ते लाकूड कुजण्यापूर्वी कोणीतरी वाचायला हवे.